कुठल्या बाजूला जाड दिसतं

काल डेलच्या दुकानात जाऊन आले. महेशने नेलं. तुमचा चष्मा अजून तिथेच आहे, लेथच्या डोक्यावर, तुम्ही ठेवायचात तसा पालथा. डेलने तो हलवलेला नाही. मीही उचलला नाही.

तिथे काय झालं ते तुम्हाला नीट सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले आहे. तोंडाने मला जमलं नसतं. तुम्ही समोर असतात तरी जमलं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौथी शिकलेल्या बाईला लिहायला तरी कुठे येतं, पण लिहिताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही, एवढं बरं आहे.

तुम्ही गेल्यापासून घरात माणसं येतात. नेपरव्हिलमधली ओळखीची सगळी मराठी मंडळी येऊन गेली. डबे आणतात, बूट दाराशी काढतात, सोफ्याच्या कडेवर बसतात आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारतात.

"काकू, जेवता ना नीट?"

"हो."

"झोप लागते ना?"

"हो."

"काकांना फार त्रास नाही ना झाला?"

तिथेही मी "हो" म्हणाले. त्या बाईला कळेना, त्रास झाला की नाही झाला. मलाही कळेना. आपल्या सूनबाईने, अपर्णाने, चहा पुढे केला आणि विषय बदलला.

तुम्ही असतात तर हसला असतात. म्हणाला असतात, हिला 'ना' लावून काही विचारू नका. 'ना' लावला की ही 'हो'च म्हणते. मग त्या बाईला तुम्ही पुन्हा नीट विचारायला लावलं असतंत. आता तसं करणारं माणूस नाही. मी दिवसभर बसल्या जागी हो हो म्हणत राहते, माणसं समाधानाने उठतात, आणि माझी मान खाली जाते. लोकांना वाटतं, दुःखाने खाली आहे.

तुम्ही डेलकडे जायला लागलात तो हिवाळा मला आठवतो. महेशने आपल्याला इकडे अमेरिकेत आणलं तेव्हा तुम्ही खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचात. इचलकरंजीत उभा जन्म मागाच्या सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढलेला माणूस, इथे बर्फाकडे बघत बसला. समोरचा शेजारी बर्फ उडवायचं मशीन चालवायचा आणि तुम्ही मला आतून हाक मारून सांगायचात, "ऐक, बेअरिंग गेलंय त्याचं." एके दिवशी स्वेटर चढवून तुम्ही रस्ता ओलांडून गेलातच. हातवारे करून त्याला सांगितलंत, बेअरिंग बदलून दिलंत. त्याचा मेव्हणा म्हणजे डेल. बंदुका दुरुस्त करायचं दुकान, घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे. त्याला लेथवरचा माणूस हवा होता.

अपर्णाचा चेहरा उतरला होता. "बाबा, गन शॉप?" ती म्हणाली. "मी काही म्हणत नाही, पण बाहेर नका हं सांगू कोणाला."

तुम्ही म्हणालात, "बरं."

आणि गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये कोणीतरी विचारलं, काका, तुम्ही हल्ली काय करता? मी घाईने म्हणाले, "लेथवर असतात." तुम्ही हातातली मोदकाची ताटली खाली ठेवलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बंदुकीच्या तोंडाला बासरी बसवतो."

परत येताना गाडीत अपर्णाचा चेहरा पुन्हा उतरला होता. मलाही तेव्हा तुमची लाज वाटली होती. 'बासरी' हा शब्द माझा होता, तो आपल्या दोघांतला होता, तो तुम्ही हॉलभर केलात, याची जास्त.

डेल त्या वस्तूला ब्रेक म्हणायचा. अस्वलांच्या मुलखात जाणारे शिकारी मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर जवळ ठेवतात. ते उडवलं की हात कपाळापर्यंत उचलला जातो म्हणे. तो झटका कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाला आटे पाडून भोकाभोकांचा एक तुकडा घट्ट बसवायचा. भोकांतून बाजूला वारा निघून जातो आणि हाताला झटका कमी लागतो. तुम्ही पहिल्यांदा तो तुकडा खिशातून घरी आणून मला दाखवलात. मी म्हणाले, "ही तर बासरी." तेव्हापासून घरात बासरीच. "आज दोन बासऱ्या झाल्या." "आजची बासरी रुसली."

त्यातलं अवघड काम म्हणजे ती सरळ बसवणं. गोळी बासरीच्या बरोबर मधून गेली पाहिजे. केसभर वाकडी बसली तर गोळी आतल्या कडेला लागते आणि मग काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून उडवून बघायच्या आधी नळीत नेमकी बसणारी सरळ सळई घालायची, तिचं टोक बासरीच्या पुढच्या भोकातून बाहेर काढायचं आणि समोरून उजेडात बघायचं. सळईभोवती फट दिसते. ती चारी बाजूंनी सारखी, बांगडीसारखी दिसली तर काम बरोबर. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसली, चंद्रकोरीसारखी, तर वाकडं.

हे मला कळतं कारण साखरेने तुमचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण त्या फटीपुरते गेले. तुम्ही डेलला सरळ सांगितलंत, माझ्या बायकोचे डोळे चांगले आहेत, तिला आणतो. मी माहेरी काळ्या मण्यांच्या पोती ओवायचे, एवढंच माझं शिक्षण. डेलने मला बसायला एक उंच स्टूल दिलं, त्यावर घरातली उशी आणून टाकली. सकाळी तोच त्याच्या ट्रकमधून आपल्याला न्यायचा. तुम्ही पुढे, मी मागे. तो काहीतरी बोलायचा, तुम्ही तुमच्या इंग्रजीत उत्तर द्यायचात, आणि मग तो आरशातून मला विचारायचा, "यू ओके?" मी म्हणायचे, "येस."

तुम्ही सळई घालायचात, रिव्हॉल्व्हर शिकंज्यात धरलेलं असायचं, गोळ्यांचं चक्र काढून बाजूला ठेवलेलं. तुम्ही विचारायचात, "सारखं आहे ना?" मी बघायचे आणि म्हणायचे, "हो."

बहुतेक वेळा ते सारखंच असायचं. तुमचा हात चांगला होता.

ज्या दिवशी नव्हतं, त्या दिवशी डेल घाईत होता. तुमच्या मागे उभा राहून घड्याळाकडे बघत होता. तुम्ही म्हणालात, "सारखं आहे ना गं?" मला वरच्या बाजूला जाड दिसलं. थोडंसंच, पण दिसलं. दोन पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं तर पुढचं सगळं मला सांगावं लागणार होतं, किती, कुठे, कसं, आणि तुम्हाला सगळं पुन्हा उघडावं लागणार होतं, त्याच्यासमोर. मी म्हणाले, "हो."

दुकानाच्या मागे मातीचा ढिगारा आहे, तिथे डेल बार काढून बघायचा. आपण दाराशी उभे होतो. आवाज झाला, आणि त्या आवाजात आणखी एक आवाज होता, पत्रा फाटल्यासारखा. बासरीचा एक टवका उडून डेलच्या शेजारच्या लाकडी खांबात रुतला होता. त्याच्या कानापासून हातभर अंतरावर. डेलने कानावरची झाकणं काढली, खांबाकडे बघितलं आणि थुंकला.

तुम्ही पुढे गेलात आणि म्हणालात, "माय मिस्टेक."

 घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. मी कणीक मळत होते.

"दिसत होतं का तुला?"

मी म्हणाले, "हो."

तोच शब्द. तुम्ही ओरडाल म्हणून मी परातीत बघत राहिले.  पाणी प्यायलात आणि वर गेलात. तुमचा राग मला सोसतो, पण त्या दिवसाचं पाणी पिणं मला सोसलं नाही.

मला वाटलं, आता तुम्ही मला नेणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बूट तुम्ही दाराशी माझ्याकडे तोंड करून ठेवले होते. दुकानात गेल्यावर सळई घातलीत, बाजूला झालात आणि विचारलंत, "कुठल्या बाजूला जाड दिसतं?"

मी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि गप्प राहिले. त्याला 'हो' म्हणता येत नव्हतं. मग मला नीट बघावं लागलं. मी म्हणाले, "कुठल्याच नाही. सारखं आहे." तुम्ही मान हलवलीत, जसं काही कालपर्यंत असंच विचारत होतात.

त्यानंतर कधीच तुम्ही मला 'ना' लावून विचारलं नाहीत. दुकानात नाही, घरातही नाही. "भाजीत काय कमी आहे?" म्हणायचात, "बरी झाली ना?" नाही. घरी कोणी जेवायला येणार असलं तर "तू दमली नाहीस ना?" असं महेश विचारायचा आणि तुम्ही मध्येच म्हणायचात, "तिला विचार, तुझं काय दुखतंय आज." सगळे हसायचे. मी उत्तर द्यायचे, "गुडघा." माझ्या आयुष्यात माझ्यासाठी प्रश्न बदलणारे तुम्ही एकटे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटत असेल, हिच्या लक्षातही आलं नाही.

डेललाही तुम्ही ते शिकवलंत. जाडला इंग्रजीत काय म्हणायचं ते तुम्ही नातीला विचारलंत आणि तिने गमतीने भलताच शब्द सांगितला. "विच साइड फॅट?" तुम्ही डेलला विचारायचात. तो एवढा दाढीवाला धिप्पाड माणूस, स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणायचा, "बोथ." मग तोही तसंच म्हणायला लागला.

एक भांडण मात्र आपलं तसंच राहिलं. तुम्ही एकदा म्हणालात, "इतकी वर्षं झाली, तुला एक 'नाही' म्हणायला काय होतं?"

मी म्हणाले, "एकदा म्हटलं होतं."

"कधी?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. तुम्ही विचारलंत, माहेरी जायचं नाही ना तुला? मी म्हणाले, जायचंय. तुम्ही ताट सरकवून उठलात आणि मी चुकले म्हणेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत."

"मी?" तुम्ही म्हणालात. "मला नाही आठवत."

"तुम्हाला कशाला आठवेल?"

तुम्ही बराच वेळ टीव्हीकडे बघत होतात. टीव्ही बंद होता. मग म्हणालात, "मग एकदाच म्हणून का सोडलंस? पुन्हा म्हणायचं होतंस." मी रागाने उठून आत गेले. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही आणि तुमचं काय चुकलं ते तुम्ही कबूल केलं नाहीत. हे भांडण मिटवायला आपल्याला वेळ आहे असं मला वाटत होतं. मी मुद्दाम ते मिटवत नव्हते. भांडण असलं की तुम्ही रात्री दुसऱ्या कुशीवर वळून झोपायचात आणि सकाळी स्वतः चहा करायचात. तो चहा मला आवडायचा.

आता हॉस्पिटलचं.

तुम्हाला खोकला सुटत नव्हता म्हणून नेलं आणि तिथेच ठेवून घेतलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी मला आणि महेशला एका छोट्या खोलीत बसवलं. फोनवर एक दुभाषा बाई होती, मराठीची मिळाली नाही म्हणून हिंदीची. ती काय म्हणत होती ते मला निम्मं कळलं. पण डॉक्टरांनी पडद्यावर तुमच्या छातीचा फोटो लावला होता. ते मला कोणी सांगायला नको होतं. एका बाजूचं काळं नीट होतं. दुसऱ्या बाजूला खाली पांढरं दिसत होतं, कोरीसारखं, जाड. ती तुमची कुठली बाजू, हे मला कळावं म्हणून डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

बाहेर थंड पेयांच्या मशीनपाशी महेश भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे लाल झाले होते. "आई, बाबांना आत्ता नको सांगायला. ते खचतील. डॉक्टर सांगतो म्हणत होते, मी त्यांना थांबवलंय. आपण थोडे दिवस थांबू. चालेल ना?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. नाकात नळी होती. महेश खाली गाडी बघायला गेला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता विचाराल, मी बरा होईन ना? त्यासाठी माझा 'हो' तयार होता. मी तो जिन्यावरूनच तयार करून आणला होता.

तुम्ही विचारलंत, "कुठल्या बाजूला जाड दिसतं?"

मी तुमचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "पाणी देऊ?"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागावला नाहीत. टवका उडाला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात होतात तसेच होतात. मग म्हणालात, "दे." पाणी प्यायलात. आणि थोड्या वेळाने म्हणालात, "डेलकडे एक बासरी बसवून ठेवलीय. बघायची राहिली. तू बघ."

त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत. महेशची, अपर्णाची चेष्टा केलीत, नातीला बेअरिंग म्हणजे काय ते सांगितलंत, नर्सला "गुड जॉब" म्हणालात. मला मात्र काही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं. मी पाणी विचारलं तेव्हाच कळलं असणार. पण माणसाला कळणं वेगळं आणि त्याच्या बायकोने सांगणं वेगळं. तुम्ही एकटेच ते घेऊन पडून होतात आणि मी शेजारी बसून संत्रं सोलत होते. संत्र्याच्या शिरा काढत होते, एक एक. माझे डोळे चांगले आहेत ना.

लोक मला विचारतात, काकू, शेवटी काही बोलणं झालं का? आणि मी मान हलवते.

डेलचा फोन परवा आला. ज्याचं ते रिव्हॉल्व्हर आहे तो अलास्काला निघालाय, घ्यायला येतोय. डेल महेशला म्हणाला, मी स्वतः बघितलं, मला चांगलं वाटतंय, पण तुझी आई येऊन बघेल का, नेहमीसारखं. महेशने विचारलं, "आई, जायचं नाही ना तुला अशात?"

मी म्हणाले, "जायचंय." तोंडातून निघून गेलं. तुमच्या त्या दिवाळीसारखं.

दुकानात माझ्या स्टुलावर उशी तशीच होती. डेलने मला मिठी मारली, मी आपली हात लोंबते ठेवून उभी राहिले. तो महेशशी तुमच्याबद्दल बोलत होता. महेशने सांगितलं, "तो म्हणतोय, बाबांनी हे बसवलं आणि लगेच आजारी पडले. त्याने यात काही बदललेलं नाही. त्या गिऱ्हाइकाला तो सांगणार आहे, हे त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे म्हणून."  ज्या मुलाने मंडळात कधी तुमच्या कामाचं नाव काढलं नाही, तो त्या बासरीवरून बोट फिरवत होता.

डेलने सळई घातली. बाजूला झाला. म्हणाला, "लुक्स गुड, राइट?"

त्यांच्यातही 'ना' आहे, ते मला तेव्हा कळलं.

मी वाकून बघितलं. खाली, उजवीकडे जाड दिसलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. खिडकीकडून उजेड येतो त्या बाजूने पुन्हा बघितलं. तशीच कोर होती. तुम्ही ती बसवलीत तेव्हा बरं नव्हतं तुम्हाला. खोकला होता, डोळ्यांचं होतंच. मी त्या दिवशी नातीच्या शाळेत कार्यक्रम म्हणून घरी राहिले होते.

"नो," मी म्हणाले.

"नो?" डेल म्हणाला.

महेश माझ्या जवळ आला आणि मराठीत, हळूच म्हणाला, "आई, नीट बघितलंस का? डेल म्हणतोय चांगलं आहे. बाबांचं शेवटचं काम आहे गं. असू दे ना."

अहो, माझ्या ओठांवर 'हो' आला होता. खोटं कशाला बोलू. तुमचं नाव त्या दुकानात चांगलं राहावं असं मला वाटत नव्हतं का? तुम्ही आता उघडून पुन्हा बसवू शकत नाही. कोणीतरी दुसरा ते उघडणार, आणि त्याला तुमची चूक दिसणार, आणि ती मी दाखवलेली असणार. मला तुमच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. मागच्या दारातून तो खांब दिसत होता. त्यात तो टवका अजून आहे. डेलने तो काढलेला नाही.

डेलने खांबाकडे बघितलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि न हसता, अगदी साधं विचारलं, "विच साइड फॅट?"

महेश चमकून त्याच्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, हा काय बोलतोय.

मी बोट लावून दाखवलं. "हिअर. डाऊन." माझं एवढं इंग्रजी तुम्ही कधी ऐकलं नसेल.

डेलने चष्मा कपाळावर सरकवला, गुडघ्यावर बसला आणि एक डोळा मिटून फार वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "शी'ज राइट." त्याने सळई काढली, रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळलं आणि त्या गिऱ्हाइकाला फोन केला. थांबावं लागेल म्हणाला. कारण सांगताना त्याने तुमचं नाव घेतलं नाही. "माय मिस्टेक," म्हणाला. ते मला कळलं. मी दुसरीकडे बघितलं.

येताना महेश गाडी चालवत होता. मक्याची कापलेली शेतं मागे गेली, घरं सुरू झाली, तेव्हा त्याने विचारलं, "आई, बाबांना कळलं होतं ना शेवटी? म्हणजे, तू सांगितलं असशील ना?"

दोन 'ना' होते. एकाला 'हो' म्हटलं असतं तर दुसराही मिटला असता, आणि तो रात्री शांत झोपला असता.

मी म्हणाले, "त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

त्याने गाडी बाजूला घेतली नाही, चालवत राहिला. घराच्या दाराशी गाडी उभी केल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि हात तसेच स्टिअरिंगवर ठेवले. "मी तुला नको म्हटलं होतं," तो म्हणाला. मी म्हणाले, "तू म्हटलं होतंस. पण विचारलं त्यांनी मला होतं."

मला लाज वाटते ती याची, की डेलला मी बोट लावून दाखवलं. परक्या माणसाला, परक्या भाषेत, तुमच्या हातची चूक मी दाखवू शकले. तुम्ही आपल्या भाषेत, मला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलात. असा प्रश्न तुम्ही माझ्यासाठीच तयार केला होतात, आणि शेवटच्या वेळी मी त्याला पाणी दिलं.

आता सांगते. उशीर झाला आहे, पण तुम्ही विचारलं होतं.

डाव्या बाजूला. खाली. पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला.